छापखान्याचे कोठार आणि तेथील माणसे

आमच्या देवस्थानांत पारायणासाठी पोथी उघडली की प्रथम तिला गंधफूल वाहण्याची रीत आहे. ग्रंथकाराचे स्मरण होते. ज्या यजमानाने ती देवापुढे ठेवली त्याचे नावही पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरांत लिहिलेले आढळते. परंतु ज्यांनी त्या पोथीची पाने छापली, मोजली, वाळविली व क्रमाने लावली, त्यांचा विचार आमच्या मनात क्वचितच येतो. मराठी मुद्रणाचा जो इतिहास लिहिला गेला आहे, तोही बहुतांशी छापखान्याच्या दर्शनी बाजूचा आहे. मालक, संपादक, पाद्री आणि आश्रयदाते यांची चरित्रे आम्हांस ठाऊक असतात. मागील अंगास एक कोठार असे. कोरा कागद तेथे येऊन पडे, हातदाबाच्या काळी तो तेथेच भिजविला जाई, छापून झालेले ताव तेथेच दोऱ्यांवर वाळत घातले जात, आणि घडी, जुळणी, शिवण, कातरकाम होऊन गठ्ठे बांधले जात तेही तेथेच. ग्रंथ खऱ्या अर्थाने सिद्ध होई तो या कोठारात. तेथे राबलेल्या माणसांविषयी जे काही लिखित इतिहासात सापडते, ते एकत्र मांडण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

आरंभ गोमंतकापासूनच करावा लागतो. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात उभा राहिला, हे सर्वश्रुत आहे. वस्तुतः ते यंत्र अबिसीनियास जावयाचे होते. तिकडील नियोजित धर्माध्यक्षांच्या समवेत ते लिस्बनहून निघाले आणि गोव्यात उतरले ते येथेच राहिले. मुद्रक म्हणून त्यासोबत आलेल्या हुआन दे बुस्तामान्ते या स्पॅनिश ब्रदरचे नाव प्रत्येक पुस्तकात असते. मात्र त्या गलबतावर आणखी एक माणूस होता. तो हिंदी होता. मुद्रणाच्या कामात तो अनुभवी असून बुस्तामान्ते यांस त्याचे साहाय्य होईल, त्याची वागणूक विनयशील आहे, असा उल्लेख जेज्विटांच्या तत्कालीन पत्रव्यवहारात आहे. आमच्या फोंडे महालातील प्रियोळ गावचे सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानातील मुद्रणाच्या इतिहासात ही हकीकत नमूद केली आहे. पत्रात त्या माणसाची नम्रता नोंदली गेली, त्याचे कौशल्य नोंदले गेले. नाव तेवढे नोंदले गेले नाही. ज्या देशात छापण्याची कला अद्याप पोचलीच नव्हती, त्या देशाचा एक मनुष्य पोर्तुगालात ती शिकून परत येतो, ही गोष्ट आम्हांस बुस्तामान्ते यांच्या आगमनाहून अधिक नवलाची वाटते.

या छापखान्यांतून कोकणी-मराठीची पुस्तके निघाली ती रोमन लिपीत. फादर टॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले तेही रोमन अक्षरांतच. देशी लिपीत ते छापावे अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. परंतु आपल्याकडील अक्षरांसाठी सहाशेपर्यंत मातृका कराव्या लागतील, युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते, अशी अडचण त्यांनी १६०८ सालच्या पत्रात कळविली आहे. हा सहाशेचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे आमच्या छापखान्यांतील प्रत्येक कामगाराच्या पायांना आणि डोळ्यांना याच आकड्याचे ओझे वाहावे लागले. इंग्रजी जुळविणाऱ्यापुढे खिळ्यांच्या दोन पेट्या असत. देवनागरी जुळविणाऱ्यास काना-मात्रा, रफार, जोडाक्षरे आणि अर्धी अक्षरे यांच्या कित्येक पेट्यांपुढे दिवसभर उभ्याने सरकत राहावे लागे.

धर्मग्रंथ छापण्याची पहिली हिंदू खटपट सुरतेस झाली. १६७० नंतरच्या दशकात भीमजी पारेख या वाणी व्यापाऱ्याने ब्राह्मणांचे प्राचीन ग्रंथ छापण्याच्या हेतूने कंपनीकडून विलायतेचा मुद्रक मागविला. हेन्री हिल्स नावाचा तो मुद्रक आला खरा, पण त्याला अक्षरे कोरता येईनात. शेवटी भीमजींच्या पदरच्या माणसांनीच काही अक्षरे घडविली, आणि त्यांच्या छापाचे नमुने पाहून सुरतेच्या इंग्रजांनी समाधान व्यक्त केले. तो उद्योग पुढे तडीस गेला नाही.

मराठी ग्रंथ देवनागरीत प्रथम छापले गेले ते महाराष्ट्रात नव्हे आणि गोव्यातही नव्हे, तर दूर बंगालमध्ये, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरास. तेथे १८०० साली बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी छापखाना घातला. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथे निघाले; नागपूरकडील पंडित वैजनाथशर्मा यांचे त्या कामी साहाय्य होते. या छापखान्याचा आधारस्तंभ होता पंचानन कर्मकार. हा जातीचा लोहार. १७७८ साली चार्ल्स विल्किन्स यांनी बंगाली टाइप केला तेव्हा त्यांच्या हाताखाली तो ही विद्या शिकला आणि पुढे श्रीरामपुरास त्याने नागरी अक्षरे कोरली. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा जावई मनोहर याने चाळीस वर्षे तेच काम केले. १८३९ साली श्रीरामपूर पाहावयास गेलेल्या एका पाद्र्याने लिहून ठेवले आहे की, मनोहर आपल्या इष्टदेवतेच्या मूर्तीखाली मांडी घालून बसे आणि तेथेच बायबलाचे टाइप घडवी. त्या देवतेच्या छत्राखेरीज तो हत्यारास हात लावीत नसे. त्याच्या मालकांना या प्रकाराचे काय वाटत असेल ते वाटो. काम उत्तम होत होते, म्हणून त्यांनी तो चालू दिला. आमच्या मते अवजारपूजेचा याहून बोलका दाखला मुद्रणाच्या इतिहासात दुसरा नसेल.

याच छापखान्याच्या कोठारास ११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी आग लागली. आग लागली ती नेमकी कागदाच्या साठ्याकडे. विल्यम वॉर्ड या मुद्रकाने दारेखिडक्या लावून घेऊन आतील हवा कोंडली आणि छपरास भोके पाडून वरून पाणी ओतविण्यास सुरुवात केली. काही काळ आग दबली. पण कोणी तरी एक खिडकी उघडली, वारा आत शिरला आणि मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळले. हजाराहून अधिक रीम कागद, अनेक भाषांचे टाइप आणि कित्येक वर्षे खपून तयार केलेली हस्तलिखिते भस्मसात झाली. एकीकडच्या खोलीतले दाब तेवढे वाचले.

या आगीची हकीकत सांगताना इंग्रज चरित्रकार केरींच्या धैर्याचे वर्णन करतात, व ते यथार्थ आहे. परंतु दुसऱ्या दिवसापासून काय झाले ते पाहावे. राख उपसणाऱ्या मजुरांना ढिगाऱ्यात पोलादी ठसे आणि मातृका शाबूत सापडल्या. वितळलेल्या टाइपची धातूही गोळे होऊन पडलेली मिळाली. ती गोळा करून ओतकाम करणाऱ्यांच्या पाळ्या लावण्यात आल्या आणि रात्रंदिवस भट्टी चालली. काही आठवड्यांतच एकामागून एक लिपी पुन्हा उभी राहू लागली. मार्च-एप्रिलचा बंगालचा उन्हाळा आणि उकळत्या शिशापुढची बैठक, याची कल्पना ज्याची त्याने करावी. पुढील पाच वर्षांत ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’, ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ ही मराठी पुस्तके याच छापखान्यातून बाहेर पडली.

मुंबईस मुद्रणाचा पाया घातला तो अमेरिकन मिशनच्या छापखान्याने. १८१७ पासून तेथे मराठी पुस्तके निघू लागली. तो छापखाना पाहून भंडारी समाजातील गणपत कृष्णाजी यांच्या मनाने उचल खाल्ली. त्यांनी प्रथम लाकडाचा दाब स्वतः तयार केला, एक लहानसा दगड मिळविला, शाईही घरीच बनविली, आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले. हा वृत्तान्त आम्हांस ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या ग्रंथातून कळतो. त्याचे कर्ते गोविंद नारायण माडगांवकर हे मूळचे गोमंतकीय, हे येथे अभिमानाने सांगावेसे वाटते. माडगांवकर असेही सांगतात की, त्या काळी कित्येक नैष्ठिक लोक छापील कागदास स्पर्श करण्यास भीत असत. शाईत चरबी असते ही शंका त्याच्या मुळाशी होती. म्हणून धार्मिक ग्रंथांसाठी चरबीऐवजी तूप घालून शाई केली जात असे, असे परंपरेने सांगतात.

आम्ही या शंकेस हसत नाही. त्या काळच्या आचारास अनुसरूनच ती होती. पण तिची दुसरी बाजू कोणी फारशी मांडलेली नाही. सोवळ्यात वाचावयाच्या पोथीची शाई ज्याने तुपात खलली, तो भंडारी होता. ज्याने नागरी अक्षरे कोरली तो लोहार, आणि ज्याने पुढे संस्कृत ग्रंथांच्या मुद्रणास अखिल भारतात कीर्ती मिळवून दिली तो एक गरीब मराठा मुलगा होता. ग्रंथाचे सोवळे राखण्याची काळजी देवघराच्या कितीतरी आधी छापखान्याच्या कोठारात वाहिली जात होती. ज्यांनी ती वाहिली, त्यांपैकी कित्येकांना त्या पोथीपुढे बसण्याचा मान मात्र मिळाला नसता.

तो मराठा मुलगा म्हणजे जावजी दादाजी. जन्म १८३९. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर ते लागले. पगार दरमहा दोन रुपये. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडा खरबरीत असतात. त्या दगडावर घासून सारख्या केल्याशिवाय ओळ सरळ बसत नाही. बोटे सोलवटणारे हे काम पोरांकडे असे. तेथेच त्यांनी ओतकामाची सर्व खुबी डोळ्यांनी टिपली. पुढे दोन-तीन छापखान्यांत नोकरी करून १८६४ साली त्यांनी स्वतःची टाइप ओतशाळा काढली. राणोजी रावजी आरू हा अक्षरे कोरणारा कुशल कारागीर मित्र त्यांना लाभला होता. १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू झाला आणि १८८६ पासून ‘काव्यमाला’ निघू लागली. काशीनाथ पांडुरंग परब आणि वासुदेव लक्ष्मण शास्त्री पणशीकर यांच्यासारखे व्युत्पन्न पुरुष निर्णयसागरच्या ग्रंथांचे शोधन करीत. १८९२ साली जावजी निवर्तले तेव्हा काशीपासून केरळपर्यंतच्या पाठशाळांत निर्णयसागरचा टाइप ओळखीचा झाला होता. दोन रुपयांच्या पगारावर घासलेल्या खिळ्यांची समज त्या सुबक ओळींत उतरली आहे, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता प्रत्यक्ष कोठारातील कामाकडे वळू. वाचकांस नीट कल्पना यावी म्हणून थोडा हिशेब मांडतो. वीस बाय तीस इंचांचा डबल क्राउन ताव घेतला तर त्यातून नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाची बत्तीस पृष्ठे होतात. तीनशे वीस पृष्ठांचे पुस्तक म्हणजे दहा ताव. दोन हजार प्रती काढावयाच्या तर वीस हजार ताव, म्हणजे पाचशे तावांचे चाळीस रीम. साठ ग्रॅमी कागदाचे एक रीम साधारण साडेअकरा किलो भरते. म्हणजे एका पुस्तकापायी सुमारे साडेचारशे किलोंवर कागद कोठारात येतो. हे वजन काही एकदाच उचलले जात नाही. गाडीवरून उतरविणे, फळ्यांवर रचणे, दाबाकडे नेणे, एक बाजू छापून परत आणणे, दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा नेणे, घडी, जुळणी, शिवण, कातरयंत्र, गठ्ठे, आणि शेवटी पुन्हा गाडी. दहा वेळा तरी तेच वजन माणसाच्या हातांतून जाते. हातदाबाच्या काळी दोन माणसे, एक शाई फिरविणारा व एक दांडा ओढणारा, मिळून ताशी दोनशे-अडीचशे छाप काढीत. त्या गतीने वीस हजार तावांच्या दोन्ही बाजू छापावयाच्या तर एका दाबाला दीडशे तासांहून अधिक लागत.

कोकणपट्टीतील पावसाळा हा कोठाराचा हाडवैरी. कागद हवेतील ओल पितो आणि फुगतो; ताव वाकडा झाला की एका बाजूचा छाप दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. म्हणून रीम भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावयाचे, वाळवीसाठी रोज खालून वाकून पाहावयाचे. बांधणीची खळ शिजविताना तीत मोरचूद घालतात. एरवी बुरशी आणि किडे पुस्तकाचा कणाच खाऊन टाकतात. वर्षानुवर्षे मोरचुदाच्या खळीत बुडालेल्या बोटांच्या भेगा बांधणी करणाऱ्याची ओळख सांगत.

पोथीचे काम तर याहून नाजूक. पुस्तकाचा फर्मा घडी करून शिवला की पाने एकमेकांस धरून राहतात. जुन्या वळणाची पोथी सुट्या आडव्या पानांची. शिवण नाही, पुठ्ठ्याच्या दोन फळ्या आणि वर रुमाल. अशा पोथीची पाने लावणारा मेजाभोवती फिरे, प्रत्येक थप्पीवरून एक पान उचली, आणि फेरी पुरी झाली की एक प्रत हातात येई. दिवसभरात शेकडो फेऱ्या. बोट चिकटून एका ठिकाणी दोन पाने आली अथवा एक सुटले, तर तेथे कळत नाही. कळते ते कोण्या गावी गुरुचरित्राच्या सप्ताहात, वाचणारा एका अध्यायाच्या मध्यावर अडखळतो तेव्हा. अशा वेळी आम्ही पोथी छापणाऱ्यास दोष देतो. हजारो पोथ्या पूर्ण निघाल्या, त्याचे श्रेय देण्याची वेळ मात्र कधी येत नाही.

पंचांगाची घाई वेगळी. पुस्तक महिनाभर मागे पडले तरी खपते. गुढीपाडवा उलटल्यावर पंचांगास कोणी विचारीत नाही. त्यामुळे पाडव्यापूर्वीचे दिवस कोठारात रात्रीचे होत. त्यात अंकांची कोष्टके जुळविणे हे अक्षरे जुळविण्याहून किचकट. तिथीच्या घटिकांत एक आकडा फिरला तर एकादशी फिरते. घडीचे काम अशा वेळी बाहेर घरोघर दिले जाई. बायका-मुले रात्री कंदिलापाशी बसून लाकडी पट्टीने फर्मे दुमडीत आणि हजारावर मजुरी घेत. या घरकामाची गणना कोणत्याच हजेरीपुस्तकात झाली नाही.

कायद्याचे लक्ष इकडे फार उशिरा गेले. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर माणसांच्या यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी होता. आमचे लहानमोठे छापखाने त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचा खिळा दिवसभर हाताळणाऱ्यास शिशाची बाधा होते, ही गोष्ट १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने मान्य केली. १९४८ च्या कारखाने कायद्याने खिळे जुळविणे, छापणे आणि पुस्तकबांधणी यांना स्पष्टपणे कारखान्याच्या कामात गणले व आठवड्याचे तास अठ्ठेचाळीस ठेवले. पण यंत्रशक्ती असेल तर दहा आणि नसेल तर वीस माणसे, ही त्याची मर्यादा होती. चार माणसांच्या गावठी छापखान्यात, जेथे आमच्या देवस्थानांच्या जत्रेची पत्रके आणि हिशेबाच्या पावत्या छापल्या जात, तेथे मालकाचा स्वभाव हाच कायदा होता.

अलीकडील एक प्रकरण येथे सांगणे आवश्यक वाटते. गोरखपूरची गीता प्रेस १९२३ पासून धर्मग्रंथ अल्प किमतीत देत आली आहे. तिची मराठी पुस्तके आमच्या बहुतेक घरांत आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये तेथील कामगारांनी वेतनाच्या प्रश्नावरून काम थांबविले. तत्काळ देशभर बोलवा उठली की, पैशाअभावी गीता प्रेस बंद पडत आहे, आणि भाविक मदत पाठविण्यास पुढे सरसावले. संस्थेने खुलासा केला की, पैशाची अडचण नाही आणि आम्ही देणगी घेत नाही. काही काळाने काम सुरू झाले. त्या वादात कोणाची बाजू किती न्याय्य, याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण लक्षात राहिले ते असे की, संस्थेच्या काळजीने हजारो लोक व्याकूळ झाले; घडी घालणाऱ्या व गठ्ठे बांधणाऱ्या माणसाला महिन्याकाठी काय मिळते, हे विचारणारे त्यांत फार थोडे निघाले. स्वस्त पोथी हे पुण्यकर्म खरे. तिची किंमत उतरविताना ती कोणाच्या मजुरीतून उतरते, हा प्रश्न धर्मबाह्य आहे असे आम्हांस वाटत नाही.

१९८० नंतर संगणक आला आणि स्टीफन्स यांच्या सहाशे मातृका एका लहानशा पेटीत मावल्या. खिळ्यांच्या पेट्या भंगारात शिशाच्या भावाने गेल्या. जुळाऱ्यांपैकी कोणी संगणकावर बसले, कोणी पहारेकरी झाले, बरेच घरी बसले. घडी, शिवण आणि कातरकाम यंत्रांनी उचलले. रीम उचलणारा माणूस मात्र अजून आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, पणजी, जेथे जेथे मराठी छापखाने नांदले, तेथे त्या काळचे जुळारी व बांधणी करणारे अद्याप हयात आहेत. त्यांचे अनुभव त्यांच्याच तोंडून टिपून घेण्यास फार वर्षे उरलेली नाहीत. कोण्या देवस्थानाच्या वाचनालयाने हे काम अंगावर घेतले, तर या पृष्ठांत त्यास आनंदाने जागा मिळेल.

आणखी एक लहानशी विनंती देवस्थानांच्या व्यवस्थापकांस आहे. जीर्ण पोथ्या व पुस्तके नव्याने बांधावयास दिली की मुखपृष्ठामागचे किंवा अखेरचे फाटके पान बहुधा काढून टाकले जाते. छापखान्याचे नाव, गाव, शक आणि क्वचित छापणाऱ्याचे नाव असते ते याच पानावर. बांधणाराच्या हाती पुस्तक देताना ते पान पातळ कागद चिकटवून आतच ठेवावयास सांगावे. खर्च वाढत नाही.